प्रकल्प नोंदी : अभ्यासिकेची जागा आणि माझी हमी

पाटबंधारे खात्यात असताना रोज संध्याकाळी साइट डायरी लिहायची सवय होती. निवृत्तीनंतर सुटली होती. या कामासाठी पुन्हा वही काढली.

१२ जुलै २०२५, शनिवार

दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र देऊन गेला. भाचा ज्या जागेत अभ्यासिका चालवतो, त्या सदाशिव पेठेतल्या जागेच्या मालकीणबाईंच्या वकिलांची नोटीस. वर भाच्याचं नाव, खाली माझं, ‘जामीनदार’ म्हणून. मागणी २३,१६,५५० रुपये, मुदत १५ दिवस.

आकडा दोनदा वाचला. मग त्याचे तुकडे पाडले. मे महिन्याचं भाडं ८५,०००. जून आणि जुलैचं प्रत्येकी ८९,२५० (जूनपासून ५ टक्के वाढ). बाजूच्या खोलीचं दरमहा १२,००० प्रमाणे तीन महिन्यांचं ३६,०००. ही झाली थकबाकी, २,९९,५००. उरलेले २०,१७,०५० म्हणजे लॉक-इनच्या (ज्या मुदतीत जागा सोडता येत नाही त्या काळाच्या) शिल्लक २२ महिन्यांचं भाडं, ऑगस्ट २०२५ ते मे २०२७. आमचं ५,१०,००० रुपयांचं डिपॉझिट त्यांच्याकडे आहे, त्याचा नोटिशीत उल्लेखसुद्धा नाही.

भाच्याला फोन केला. “मामा, मी सांगणारच होतो,” म्हणाला. तीन महिने भाडं थकलंय आणि हे मला वकिलाच्या कागदावरून कळतंय. राग आला, तो फोनवर काढला नाही. ‘बाजूची खोली’ हे प्रकरण मात्र मला नवीन आहे.

१३ जुलै, रविवार

कपाटातून फाइल काढली. लिव्ह अँड लायसन्स, १ जून २०२४ पासून ६० महिने, त्यातले पहिले ३६ महिने लॉक-इन. दुसरा मजला, १,८०० चौरस फूट. सोबत वेगळ्या स्टॅम्पपेपरवर माझं हमीपत्र, तीन पानी.

सही करताना मी भाड्याचा आकडा आणि भाच्याचं नाव एवढंच वाचलं होतं. एजंटच्या ऑफिसात वीस मिनिटांत सगळं उरकलं. आज पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली. हमीला रकमेची मर्यादा नाही. ती सततची आहे आणि मागे घेता येणार नाही. भाडं थकल्यास मला कळवण्याचं बंधन मालकांवर नाही. आणि पान ३ वर : ‘जामीनदार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३३, १३४, १३५, १३९ व १४१ अन्वये मिळणारे हक्क सोडून देत आहे.’ खाली माझी सही. आयुष्यभर ठेकेदारांच्या निविदा अशाच पेन्सिलने वाचल्या, घरच्या कागदाला मात्र पेन्सिल लावली नाही, याचं फार वाईट वाटलं.

१६ जुलै, बुधवार

शिवाजीनगरला वकील मॅडमना भेटलो. दीड तास बसलो. त्यांनी जे सांगितलं ते जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत :

“आधी भाच्याकडून वसूल करा, नाही मिळालं तर माझ्याकडे या, असं म्हणायची सोय जामीनदाराला नसते. कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी त्याच्याएवढीच. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये दामोदर प्रसाद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. मालकीणबाई उद्या फक्त तुमच्यावर दावा लावू शकतात.”

मग दुसरी बाजू. लॉक-इनचं सगळं भाडं आपोआप देणं लागत नाही. कलम ७४ खाली करारात रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि मुळात नुकसान झालेलं असावं लागतं. कैलाश नाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालात हे आहे. कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान कमी करायला हाताशी काय मार्ग होते, तेही पाहिलं जातं. जागा रिकामी करून दिली, नवीन माणूस आला, तर त्याच महिन्यांचं भाडं दोघांकडून घेता येत नाही.

बाजूच्या खोलीचा प्रकार असा निघाला : जानेवारीत भाच्याने साध्या पत्रावर ती वाढवून घेतली. माझी सही नाही, मला पत्ताही नाही. जामीनदाराच्या संमतीशिवाय करार बदलला तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो, असं १३३ सांगतं. पण ते कलम मी लिहून सोडलेलं. मॅडम म्हणाल्या, “मुद्दा पत्रात ठेवू. त्यावर घर मात्र बांधू नका.”

निघताना त्यांनी जे सांगितलं ते चौकटीत लिहून ठेवतो. मालक मूळ भाडेकरूला सोडतो तेव्हा जामीनदारही सुटतो, हे कलम १३४. तेही मी सोडून दिलंय. म्हणजे भाच्याचा हिशेब मिटला, त्याने चावी दिली, बाईंनी त्याला मोकळं केलं, तरी माझी हमी जिवंत राहू शकते. तेव्हा बोलणी दोन. एक जागेची, एक माझी. दुसरी कागदावर आल्याशिवाय पहिलीचे पैसे द्यायचे नाहीत.

१९ जुलै, शनिवार

भाच्याबरोबर अभ्यासिकेत बसलो. रजिस्टर, बँकेचं पासबुक, वीजबिलं. सुरुवातीला ९६ खुर्च्या, महिना १,५०० रुपये, सगळ्या भरलेल्या. आज ४१ मुलं, १,१०० रुपये. त्याच गल्लीत वर्षभरात आणखी तीन अभ्यासिका निघाल्या. भागीदार फेब्रुवारीत निघून गेला, काहीही लिहून न देता. ४५,००० जमा आणि एक लाखाच्या पुढे भाडं, त्यावर एसीचं बिल.

हे चालणार नाही, हे त्याला मार्चमध्येच कळलं होतं. “एप्रिलमध्ये सांगितलं असतंस तर डिपॉझिट शाबूत ठेवून बोलता आलं असतं,” म्हणालो. तो मान खाली घालून बसला. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे. दोन वर्षं स्वतः एमपीएससी केली, मग दुसऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या. याहून जास्त बोललो नाही.

ठरलं ते : बाजूची खोली ३१ जुलैला परत. नवीन मुलं घ्यायची नाहीत, असलेल्यांना सप्टेंबरअखेरची कल्पना आजच द्यायची. ऑगस्टपासूनचं भाडंही डिपॉझिटमधून वळतं होईल असा प्रस्ताव ठेवायचा.

२२ जुलै, मंगळवार

नोटिशीला उत्तर गेलं. दोन पानं, ‘हक्क अबाधित ठेवून’. थकबाकी मान्य, लॉक-इनची मागणी अमान्य, खोलीबद्दल माझी जबाबदारी नाही, डिपॉझिटचा हिशेब द्यावा, आणि जामीनदार स्वतः भेटून तडजोडीस तयार आहे. शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिली बैठक, बाईंच्या घरी. त्या निवृत्त शिक्षिका, वय ७४. सगळा वाडा-परिसर त्यांना बाईच म्हणतो, मीही तसंच म्हटलं. नाशिकहून मुलगा आला होता. भाच्याला मुद्दाम नेलं नाही.

मुलगा थेट आकड्यावर आला. डिपॉझिट जप्त आणि वर १२ महिन्यांचं भाडं. मी तासभर उलट काही बोललो नाही, फक्त विचारत गेलो. आधीचा भाडेकरू गेल्यावर जागा किती दिवस रिकामी होती? चार महिने. एजंटला किती दिले? एका महिन्याचं भाडं. रंगकाम कोणी केलं? त्यांनी.

मग बाई बोलल्या. “तुमचं घर विकायला लावायचं माझ्या मनात नाही हो. पण माझं औषधपाणी, या इमारतीचा टॅक्स, सगळं या भाड्यावर आहे. दुसऱ्या मजल्यावर लवकर कोणी चढत नाही.”

इथे मला बैठकीचा विषय कळला. त्यांना २० लाख नको आहेत, त्यांना रिकामा मजला नको आहे. मी म्हणालो, “बाई, नवीन भाडेकरू शोधायचं काम माझ्याकडे द्या. जितके दिवस जागा रिकामी राहील तितके दिवस माझ्या खिशाला चाट, म्हणजे मी मनापासून शोधणार.” मुलगा सहा महिन्यांवर आला. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

बहीण बार्शीहून आली. राखी बांधताना रडली. “दादा, माझ्या पोरापायी तुझी पेन्शन जायला नको.” मी तिला हिशेब दाखवला. माणसाला आकडा दिसला की धीर येतो, निदान आमच्या घरात तरी.

१४ ऑगस्ट

तीन एजंट गाठले. जागेचा नकाशा स्वतः काढला : खिडक्या, स्वच्छतागृह, जिना, विजेचा मंजूर भार, पाच एसी. एजंट म्हणाले असा कागद कोणी देत नाही. आणखी एका अभ्यासिकेवाल्याला दाखवू नका, असं सांगितलं. त्याची गत वर्षभरात हीच होईल आणि बाई पुन्हा तिथेच.

२४ ऑगस्ट, रविवार

जर्मन भाषेचे वर्ग चालवणारे एक जोडपं जागा पाहून गेलं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, आता तर नर्सिंगची मुलंही शिकतात. आत शिरताच त्यातल्या पत्नीने टाळी वाजवून आवाज घुमतो का ते पाहिलं आणि मान डोलावली. एसी आणि ४० टेबलं हवीत, कप्प्यांच्या पार्टिशन नकोत. भाडं ९०,०००. करार १ नोव्हेंबरपासून.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. पेठेतले रस्ते बंद, वकील गावी. काम शून्य.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी बैठक, दोन्ही वकील हजर. मी एका पानावर प्रत्यक्ष नुकसान मांडून नेलं. या पानावर सगळं अवलंबून होतं, म्हणून पूर्ण उतरवतो.

जागा ३० सप्टेंबरला दिली तर ऑक्टोबर रिकामा : ८९,२५०. नवीन एजंटची दलाली : ८९,२५०. जर्मन वर्गांचं भाडं आमच्यापेक्षा ७५० ने जास्त, पण जून २०२६ पासून आमचं ९३,७१२.५० झालं असतं आणि त्यांचं वाढतं नोव्हेंबरमध्ये. तर मे २०२७ पर्यंतचा महिन्या-महिन्याचा फरक काढला. पाच महिने बाईंना तोटा १८,५६२.५०, चौदा महिने फायदा १०,७६२.५०. निव्वळ तोटा ७,८००. हा कोणी मागितला नव्हता, मी आपणहून लिहिला. रंग-पुट्टी २७,२००, तीन कोटेशनांपैकी मधलं.

मुलाने ७,८०० वर बोट ठेवून विचारलं, “हे काय?” समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ कागद बघत राहिला. त्यानंतर सहा महिन्यांचा विषय निघाला नाही. मला वाटतं, आपल्या विरुद्ध जाणारा आकडा आपण स्वतः मांडला की बाकीच्या आकड्यांवर समोरच्याचा विश्वास बसतो.

एकूण : मे ते सप्टेंबर भाडं ४,४२,०००, खोली ३६,००० (भाच्याची जबाबदारी, माझी नाही, हे नोंदवून), दोन महिन्यांची भरपाई १,७८,५००, रंग आणि फरक ३५,०००. बेरीज ६,९१,५००. वजा डिपॉझिट ५,१०,०००. देणं १,८१,५००. तत्त्वतः मान्य.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

जर्मन वर्गवाल्यांनी आज टोकन दिलं. पितृपक्षात नको म्हणून पंधरा दिवस थांबले होते. ते पंधरा दिवस मला नीट झोप नव्हती, कारण ते फिरले असते तर माझ्या पानावरचा ‘ऑक्टोबर रिकामा’ कुठवर लांबला असता सांगता येत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मसुदा आला आणि ज्याची भीती होती तेच. रद्दलेखात बाई आणि भाचा एवढेच पक्षकार. माझ्याबद्दल एक ओळ : ‘सर्व रकमा मिळाल्यानंतर व त्यांची खातरजमा झाल्यानंतर जामीनदारास यथावकाश मुक्त करण्यात येईल.’

‘यथावकाश’ या शब्दावर दिवस गेला. त्यांचे वकील म्हणाले, फक्त औपचारिकता आहे. मी म्हणालो, औपचारिकता असेल तर आजच लिहू. खातरजमा कोण करणार, किती दिवसांत, आणि नाही केली तर? बांधकामात अंतिम बिल निघालं आणि अनामत ‘यथावकाश’ ठेवली की ठेकेदार किती वर्षं खेटे घालतो, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय.

शेवटी वकील मॅडमनी असं बसवलं : मी रद्दलेखात तिसरा पक्षकार. हमीपत्र त्याच तारखेला, त्याच क्षणी संपुष्टात. मागची, चालू किंवा पुढची कोणतीही मागणी माझ्यावर उरत नाही, असं बाईंचं स्पष्ट विधान. मूळ हमीपत्र ‘रद्द’ शेरा मारून परत. डिमांड ड्राफ्ट आणि मूळ कागद एकाच टेबलावर, एकाच वेळी. ही रक्कम सर्वसमावेशक, तिच्यावर व्याज वा इतर आकार नाहीत, हेही.

संध्याकाळी बाईंना मी स्वतः फोन केला. म्हणालो, “बाई, अविश्वास नाही. उद्या तुम्ही-मी नसलो तर मुलांना कागदच वाचायचाय.” त्या म्हणाल्या, “खरंय. घाला.”

३० सप्टेंबर, मंगळवार

ताबा. सकाळी नऊला टेप, वही आणि भाचा घेऊन हजर. पार्टिशन काढल्यावर भिंतीत रावल प्लगची भोकं दिसली, मोजली, १९२. सगळी पुट्टीने भरलेली. खिडक्यांच्या काचा, नळ, विजेचं मीटर रीडिंग, तीन चाव्या. प्रत्येक गोष्टीचा फोटो आणि यादी, दोन प्रती, खाली सर्वांच्या सह्या.

३७ नंबरचं टेबल जर्मन वर्गाकडे राहणार होतं. त्यावर चिकटपट्टीने एक वेळापत्रक डकवलेलं. पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास, ‘इतिहास’, ‘चालू घडामोडी’, आणि रविवारी दुपारी दोन ते तीन ‘घरी फोन’. बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग नखाने एक कोपरा उचलून हळूच, न फाडता काढलं आणि घडी करून भाच्याच्या हातात दिलं. “मुलगा ओळखीचा असेल तर पोचव त्याला.” भाचा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

उरलेली ५६ टेबलं ट्रकने बार्शीला गेली. तिथल्या एका अभ्यासिकेने घेतली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दुय्यम निबंधक कार्यालय. मूळ करार नोंदवलेला, म्हणून रद्दलेखही नोंदवूनच. अंगठे, फोटो, दोन साक्षीदार. सर्व्हर दीड तास बंद होता.

ड्राफ्ट १,७०,००० चा. उरलेले ११,५०० टीडीएस, म्हणजे भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा आयकर. हे बहुतेक जण विसरतात, म्हणून लिहितो : महिना ५०,००० च्या वर भाडं देणाऱ्या, ऑडिट नसलेल्या व्यक्तीलाही या वर्षी (२०२५) आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १९४-आयबी खाली २ टक्के कापावे लागतात, आणि जागा मध्येच सोडली तर शेवटच्या महिन्यात. एप्रिल ते सप्टेंबरचं भाडं खोलीसकट ५,७५,०००, त्याचे २ टक्के. भाडं डिपॉझिटमधून वळतं झालं म्हणून टीडीएस चुकत नाही. बाईंच्या मुलाला हे आधीच कळवलं होतं, त्यामुळे टेबलावर वाद झाला नाही.

ड्राफ्ट बाईंच्या हातात, हमीपत्र माझ्या हातात. तीन पानं, प्रत्येकावर आडवा ‘रद्द’ आणि बाईंची सही. शाळामास्तरिणीचं अक्षर, वळणदार.

१,७०,००० मधले ६०,००० भाच्याचे, १,१०,००० माझी एफडी मोडून. जर्मन वर्गांनी एसी-टेबलांचे जे दिले ते वीजबिल आणि सफाईवाल्या मावशींच्या थकलेल्या पगाराला गेले. आधी मावशी, असं मीच सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

भाच्याशी लिहून घेतलं. जामीनदाराने भरलेले पैसे परत देण्याचं वचन कलम १४५ गृहीतच धरतं, पण मला गृहीत नको होतं. १,१०,००० रुपये, महिना ५,०००, बावीस हप्ते, बिनव्याजी. बहिणीला ते आवडलं नाही, “मामा-भाच्यात कागद कशाला?” भाच्याने मात्र न विचारता पेन घेतलं. पूर्ण वाचलं, दोन ओळींवर प्रश्न विचारले, मग सही केली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

टीडीएसचा २६क्यूसी फॉर्म भरला, मुदत ३० तारखेची होती. प्रमाणपत्र उतरवून घेता आलं की बाईंना पोचवायचं आहे. भाचा एका प्रकाशनाच्या गोदामात हिशेबाला लागला, पहिला हप्ता १ डिसेंबरला देणार. शिल्लक काम एकच : विजेच्या मीटरवर अजून त्याचं नाव आहे, ते बदलायचा अर्ज आज दिला. पावती फाइलमध्ये, पान ४१.